सतरा महिन्यांच्या मुलीचे अंगावरचे दूध केव्हा आणि कसे सोडवावे?

अबोली

नमस्कार. माझी मुलगी या आठवड्यात 17 महिने पूर्ण करेल आणि ती अजून अंगावर पिते. मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपवून मी कामावर रुजू झाले, तेव्हा घर कारखान्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असल्यामुळे, मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत कायद्याने मिळणाऱ्या पाजण्याच्या दोन सुट्ट्यांत मी घरी येऊन तिला पाजून परत जात असे. त्या सुट्ट्या संपल्यापासून तिने दिवसाचे पिणे जवळजवळ सोडले आहे, मात्र त्याची सगळी भरपाई ती रात्री करते. संध्याकाळी मी दारात आले की चपला काढण्याच्या आधीच ती "दुदू, दुदू" करत कुर्त्याला धरते, आणि रात्री चार ते पाच वेळा उठून, माझ्या मंगळसूत्राची एक वाटी मुठीत घट्ट धरून पीत पीत पुन्हा झोपते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला कामाच्या प्रशिक्षणासाठी बारा दिवस चेन्नईला जायचे आहे. दिवाळी नुकतीच झाली, म्हणजे माझ्या हातात साधारण नऊ आठवडे आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की कडुलिंबाचा पाला वाटून लावावा, मूल दोन दिवस रडते आणि विसरते. त्यांच्या तिन्ही मुलांचे दूध असेच तोडले होते. माझी आई म्हणते, मुलीला आठ दिवस गडहिंग्लजला माझ्याकडे ठेव, तू दिसली नाहीस की ती मागणार नाही. दोघीही प्रेमानेच सांगत आहेत, पण दोन्ही उपायांत माझ्या मुलीला काहीतरी न सांगता तिच्यापासून काढून घेतल्यासारखे मला वाटते.

त्यातच ती जेवत नाही. मऊ भात-वरणाचे तीन घास झाले की तोंड फिरवते. दूध सोडवले तर ती उपाशी राहील का, वरचे दूध किती आणि कशातून द्यावे, आणि मुळात आता सोडवावे की दोन वर्षांपर्यंत थांबावे, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानजाई

अबोली, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते आधी वेगळे करावेत असे मला वाटते. चेन्नईला जाणे हा एक प्रश्न आहे आणि दूध सोडवणे हा दुसरा. बारा दिवस दूर राहायचे म्हणून दूध सोडवलेच पाहिजे असे मुळीच नाही. माझ्या धाकट्या मुलाच्या वेळी, तो वीस महिन्यांचा असताना, मला नऊ दिवस घरापासून दूर राहावे लागले. मी रोज सकाळ-संध्याकाळ हाताने दूध काढत असे, त्यामुळे गाठी झाल्या नाहीत आणि दूधही आटले नाही. परत आल्यावर त्याने पहिला दिवस माझ्याकडे थोडे परक्यासारखे पाहिले आणि रात्री आपणहून मांडीत येऊन प्यायला लागला. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे पाजण्याची शिफारस करते. तेव्हा "आता मोठी झाली, किती पाजशील" असे कुणी म्हणाले तरी त्या दडपणाखाली निर्णय घेऊ नये. तुम्हाला स्वतःला थकवा आला असेल, झोप हवी असेल, तर तेवढे कारणही पुरेसे आहे. त्यासाठी प्रशिक्षणाचा आधार घेण्याची गरज नाही.

सोडवायचेच ठरले, तर अचानक सोडवू नका, हे मी हात जोडून सांगते. थोरल्या मुलीच्या वेळी मी तुमच्या आईंनी सुचवलेलाच मार्ग धरला होता. ती चौदा महिन्यांची होती. तिला माहेरी ठेवून मी चार दिवसांसाठी परतले. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू दाटून आल्या. ओळखीच्या एका दवाखान्यात विचारले, तर फडक्याने घट्ट बांधून ठेवा आणि एक थेंबही काढू नका, नाहीतर पुन्हा दूध येईल, असे सांगण्यात आले. तिसऱ्या रात्री डावी बाजू दगडासारखी कडक झाली, बगलेकडच्या भागावर लाल पट्टा उमटला आणि हुडहुडी भरून ताप 103 वर गेला. शेजारच्या घरात एक तान्हे मूल रडले की मला पान्हा फुटत असे आणि त्या कळेने डोळ्यांत पाणी येत असे. दुसऱ्या डॉक्टरांनी स्तनदाह असल्याचे सांगितले, पाजताना चालणारे प्रतिजैविक दिले आणि पहिली सूचना केली ती फडके सोडण्याची. साठलेले दूध तेवढ्यापुरते काढावे, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि मूल जवळ असेल तर पाजावे, आईच्या या आजाराने दूध बाळाला बाधत नाही, असे त्या म्हणाल्या. घट्ट बांधल्याने दुधाच्या नलिका दबतात आणि साठलेल्या जागी सूज वाढते. दुर्लक्ष झाले तर तिथे पू होऊन चिरा देण्याची वेळ येऊ शकते. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण त्या चार दिवसांत माझ्या मुलीलाही कुणी सांगितले नव्हते की आई कुठे गेली. परत भेटल्यावर ती दोन दिवस माझ्या कडेवर येत नव्हती.

दूध मागणीप्रमाणे तयार होते, आणि मागणी हळूहळू कमी केली तर तेही हळूहळूच आटते. म्हणून एका वेळी एकच वेळ कमी करावी, पाच-सहा दिवस किंवा आठवडा जाऊ द्यावा, छाती दाटत नाही हे पाहावे आणि मग पुढची वेळ घ्यावी. मधे दाटलेच तर आराम पडेल इतकेच काढावे, पूर्ण रिकामे करू नये. आपणहून देऊ नये आणि मागितले तर नाकारू नये, एवढ्या एका नियमावर माझ्या धाकट्याच्या निम्म्या वेळा आपोआप गळल्या.

वाटी-चमचा

मी एकवीस वर्षे बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम करते आहे, त्यामुळे खाण्यापिण्याबद्दल लिहिते. दुसऱ्या वर्षात मुलाच्या एकूण ऊर्जेच्या गरजेपैकी साधारण एक तृतीयांश भाग अंगावरच्या दुधातून मिळू शकतो. उरलेला दोन तृतीयांश भाग जेवणातूनच यायला हवा. तुमची मुलगी तीन घास खाऊन थांबते त्याचे मोठे कारण बहुधा रात्रीच्या चार-पाच वेळांत आहे. रात्रभर पोटात दूध गेले की सकाळी भूक कुठून लागणार? रात्रीच्या वेळा कमी झाल्या की बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत सकाळी मागून खाऊ लागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मात्र मूल मुळात वजनाने कमी असेल, तर दूध सोडवण्याआधी वजन-उंची मोजून घ्यावी आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

या वयाला दिवसातून तीन ते चार जेवणे आणि मधे एक-दोन वेळा थोडे खाणे लागते. प्रत्येक जेवण पाऊण ते एक वाटी, वाटी 250 मिलीची, असे धरावे, पण सुरुवातीलाच ताटात तेवढे वाढू नये. दोन चमचे वाढावे, संपले की आणखी वाढावे. मऊ भात-वरण चांगलेच आहे, फक्त ते पातळ नको. वरणाच्या वरवरच्या पाण्याने पोट भरते आणि अंगी लागत नाही. घट्ट वरण, मुगाची खिचडी तूप घालून, नाचणीची लापशी, कुस्करलेली पोळी आमटीत भिजवून, पूर्ण शिजलेले अंडे, वाटाण्याएवढ्या तुकड्यांचा बटाटा, केळे, दही-भात, असे आलटून पालटून द्यावे. डाळीवर आणि पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळावेत, त्याने त्यांतले लोह अंगात अधिक शोषले जाते.

लोहाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण दूध सोडवल्यानंतर होणारी सर्वांत मोठी चूक इथे घडते. मूल अंगावर पीत नाही म्हणून घरातले सगळे हळहळतात आणि बाटली भरभरून वरचे दूध पाजू लागतात. आमच्याकडे दोन वर्षांची गुबगुबीत मुले येतात, ज्यांच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. विचारल्यावर कळते की मूल दिवसाला लिटरभर दूध पिते आणि त्याशिवाय चहात बुडवलेले बिस्कीट खाते. गाई-म्हशीच्या दुधात लोह अगदी थोडे असते, शिवाय त्याने पोट भरल्यामुळे जेवण मागे पडते, आणि चहा तर अन्नातले लोह शोषू देत नाही. म्हणून वर्षानंतर वरचे दूध दिवसाला 400 ते 500 मिलीपेक्षा अधिक देऊ नये, आणि दही किंवा पनीर दिले तर तेही त्यातच धरावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचे औषध देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. एका मिलीत 20 मिलीग्रॅम लोह असते. तुमच्या भागातल्या आशाताईंकडे चौकशी करावी.

सतराव्या महिन्यात नव्याने बाटली सुरू करू नका. एक सवय सोडवताना दुसरी लावली तर वर्षभराने तीही सोडवावी लागते, आणि दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात. छोटा पेला, वाटी-चमचा किंवा घरात जुने बोंडले असेल तर तेही उत्तम. याच वाचकांत कुणाचे मूल वर्षाच्या आतले असेल, तर त्यांनी हा सल्ला तसाच उचलू नये. त्या वयात गाईचे दूध मुख्य पेय म्हणून योग्य नाही, आणि अंगावरच्या दुधाऐवजी काय द्यावे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

वेळ निवडण्याबद्दल एकच सांगते. मुलीला ताप, जुलाब किंवा सर्दी असेल, दाढा येत असतील, घर बदलले असेल किंवा पाळणाघर नव्याने सुरू झाले असेल, तर त्या आठवड्यात कोणतीही वेळ कमी करू नये. जुलाबात तर कित्येकदा मूल सगळे अन्न नाकारते आणि केवळ अंगावरचे दूध घेते.

मिरजेची आजी

अबोली, माझे वय 71 आहे आणि मी चार मुले वाढवली, म्हणून तुला एकेरी लिहिते, राग मानू नकोस. तुझ्या सासूबाईंनी सांगितलेला कडुलिंब मीही लावला होता. आमच्या वेळी सगळ्याच लावत. कुणी कोरफडीचा गर, कुणी मेथी वाटून, आणि एक शेजारीण तर मिरचीचे पाणी लावत असे. माझ्या दुसऱ्या मुलाने तोंड लावले, थुंकले आणि माझ्या तोंडाकडे असे पाहिले की ते मला आज पन्नास वर्षे होत आली तरी आठवते. नंतर तो खरेच कधी मागायला आला नाही, तेव्हा उपाय लागू पडतो हे मी नाकारत नाही. पण त्याला आईच कडू लागली, आणि ते काही बरे झाले नाही. आम्हाला तेव्हा दुसरे कुणी सांगणारे नव्हते आणि पाठोपाठ पुढचे बाळंतपण येत असे. तुझ्या सासूबाईंनाही तेच माहीत असणार, म्हणून त्यांना दोष न देता त्यांच्याकडेच एक काम सोपव. संध्याकाळी तू येण्याआधी अर्धा तास त्यांनी मुलीला पोटभर खाऊ घालावे. भुकेली मुलगी आणि थकलेली आई दारात भेटली की दूध हेच पहिले सुचते.

आमची आजी सांगे, उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात दूध तोडू नये, कारण तेव्हा मुलांना हगवण लागते. आता थंडीचे दिवस आहेत. सोडवायचे असेल तर हा काळ चांगला आहे.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. रानजाईताईंनी दोन प्रश्न वेगळे केल्यावर मला माझेच मन जरा स्पष्ट दिसले. मला प्रशिक्षणासाठी नव्हे, तर झोपेसाठी सोडवायचे आहे; सहा महिने मी सलग तीन तास झोपलेले नाही, आणि गेल्या महिन्यात हिशेबाच्या दोन नोंदी चुकल्या त्या दिवशी मी कार्यालयात रडले. आम्ही ठरवले आहे की आत्तापासून सुरुवात करायची, घाई करायची नाही, आणि जानेवारीपर्यंत एखादी वेळ शिल्लक राहिली तर राहू द्यायची. दुपारची रविवारची वेळ आणि संध्याकाळची वेळ आधी कमी करेन. रात्रीचे मात्र काय करावे हे अजून कळत नाही. ती झोपेत असते, तिला समजावणार कसे?

दोन मुलींचा बाबा

रात्रीबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरी ते काम माझे होते. मुलगी रात्री उठते ती दर वेळी भुकेने उठते असे नाही. पीतच झोपायची सवय असल्यामुळे मध्यरात्री जाग आली की पुन्हा झोप लागण्यासाठी तिला तीच गोष्ट हवी असते. म्हणून आधी झोपण्याची वेळ बदलावी लागते. आम्ही पाजणे झोपण्याच्या अर्धा तास आधी, दिवा लावलेल्या खोलीत, बसून करायला सुरुवात केली. त्यानंतर दात पुसणे, पाणी, अंगाई आणि मग अंथरूण. पाजणे आणि झोप यांच्यामध्ये तेवढे अंतर पडायला आम्हाला दहा दिवस लागले.

मग मी मुलीच्या शेजारी झोपू लागलो आणि पत्नी दुसऱ्या खोलीत. पहिल्या रात्री मुलगी चाळीस मिनिटे रडली. मी तिला एकटी सोडले नाही, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत राहिलो आणि एकच वाक्य म्हणत होतो, "आई झोपली, दुदू झोपले, सकाळी उजाडल्यावर दुदू." दिवसाही आम्ही तेच वाक्य तिच्याशी बोलत होतो, कारण या वयाची मुले बोलतात त्यापेक्षा कितीतरी अधिक समजतात. दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटे, तिसऱ्या रात्री पुन्हा पाऊण तास, आणि पाचव्या रात्री ती उठली, माझा हात चाचपला आणि झोपली. सकाळी उजाडल्यावर मात्र पत्नीने न चुकता पाजले. कबूल केलेले सकाळचे दूध मिळते हे मुलीला पटले, म्हणूनच ती रात्र सोडू शकली, असे माझे ठाम मत आहे. तुमच्या यजमानांना शक्य असेल तर त्यांनी पाठोपाठ दोन-तीन सुट्ट्यांचे दिवस पाहून सुरुवात करावी.

रानजाई

यात एक भर घालते. वेळा कमी होत असताना अबोली, तुम्हाला कारण नसताना खूप उदास वाटू शकते. पाजताना शरीरात जी संप्रेरके वाढलेली असतात ती खाली येतात, आणि वरून मन स्वतःलाच टोचत राहते. माझे दोन आठवड्यांत ओसरले. त्याहून लांबले, झोप-भूक गेली, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. पाळी आणि पुन्हा दिवस राहण्याची शक्यता यांचाही विचार आताच करून ठेवा. पाजत असल्यामुळे मिळणारे संरक्षण पहिल्या सहा महिन्यांपुरते, तेही बाळ केवळ अंगावर असेल आणि पाळी आली नसेल तरच, भरवशाचे असते.

अबोली

साडेसात आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, म्हणून क्षमस्व. संध्याकाळची वेळ सर्वांत आधी सुटली आणि ती सासूबाईंमुळे सुटली. आजींचा संदेश मी त्यांना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून मी यायच्या आधी त्या मुलीला गच्चीत नेऊन, बगळे दाखवत, तूप-खिचडीची वाटी संपवू लागल्या. कडुलिंबाचा विषय पुन्हा निघाला नाही. मधे मुलीला तापाची सर्दी झाली तेव्हा आम्ही आठ दिवस काहीच कमी केले नाही, उलट तिने दिवसाही दोनदा मागितले आणि मी दिले.

रात्रीची वेळ तिच्या बाबांनी घेतली. पहिल्या तीन रात्री मी शेजारच्या खोलीत उशीत तोंड खुपसून जागी होते. आता ती एकदा उठते, पाण्याचा घोट घेते आणि झोपते. सकाळी मात्र उजाडताच बाबांना "उठ, उठ" करत माझ्याकडे घेऊन येते. गेल्या शुक्रवारी ती मांडीत आली, मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली, गालाला लावली आणि दूध न मागताच दोन-तीन मिनिटे तशीच पडून राहिली. मग उतरून खेळायला गेली. सकाळची ती एक वेळ मी ठेवली आहे. येत्या मंगळवारी मी चेन्नईला निघते आहे. मंगळसूत्र घरी ठेवून जावे का, असा विचार माझ्या मनात येतो आहे.

एक शंका आहे. आता दिवसभरात काही दाटत नाही, पण गरम पाण्याने अंघोळ करताना डाव्या बाजूने अजून थेंब गळतात. प्रवासात त्रास होईल का?

वाटी-चमचा

थेंब गळणे नेहमीचे आहे. पूर्ण सोडवल्यानंतरही काही आठवडे, कुणाकुणाला काही महिनेही, दाबल्यावर किंवा गरम पाण्याने थेंब येतात, त्यासाठी मुद्दाम दाबून पाहत बसू नये. प्रवासात सकाळच्या वेळेला जड वाटले तर हाताने थोडे काढावे, सैल पण आधार देणारे कपडे वापरावेत. एखाद्या जागी लालसर, दुखरी गाठ आली आणि ताप भरला, किंवा थेंबांत रक्त दिसले, तर तिथल्याच डॉक्टरांना दाखवावे, परत येईपर्यंत थांबू नये. परत आल्यावर ती मागेल तर पाजा, नाही मागितले तर विचारू नका. मंगळसूत्र ठेवून जा, मात्र ते मुलीच्या हाती सोडू नका, मण्यांचा सर तुटला तर मणी घशात अडकतात. झोपताना बाबांनी आपल्या हातात धरून तिला वाटी पकडू द्यावी.